छपरावरून उतरलेलं कौल

१९५८ सालच्या श्रावणात वडगावच्या चर्चच्या छपरावरून एक नवं कौल रुसून खाली गवतात घसरलं. ते म्हणालं, “वरच्यांचं पाणी मी का झेलू? प्रभूची भक्ती मी इथं एकटाच करीन.”

शेजारचं म्हातारं कौल वरून कडाडलं, “भक्ती? अरे लबाडा, तुझ्या वाटचं अर्धं पाणी मी झेलतोय आणि अर्धं प्रभुभोजनाच्या मेजावर गळतंय! आत मेज मांडणारी सगुणाबाई त्यावरची पवित्र भाकर पदरानं झाकतेय. गवतात लोळून तू कुणाला झाकतोस रे?”

छपराची गळती थांबवायला शमुवेल मिस्त्री पडलेलं कौल शोधत आला, तेव्हा नवं कौल आपणहून त्याच्या हातून आपल्या जागी जाऊन बसलं.

भाद्रपदात म्हाताऱ्याला तडा गेला. त्याच्या वाटचं सगळं पाणी नव्या कौलानं अंगावर घेतलं.