माळशेंबीचा बसलेला बैल

हा मातीचा बैल हातात घेऊन बघा, पण उभा करायला जाऊ नका. पाय पोटाखाली दुमडूनच केलाय तो. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तुम्ही पोळा म्हणत असाल. त्या दिवशी इतर गावांत मुलं मातीचे बैल करतात ते चार पायांवर ताठ उभे असतात. आमच्या माळशेंबीत मात्र प्रत्येक पोर बसलेला बैल करतं. शिंगं बाभळीच्या काट्यांची, डोळे बाभळीच्या बियांचे आणि पाठीवर करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. गेल्या साली शहरातून मुलांचं शिबिर घ्यायला आलेली एक बाई मला म्हणाली, “आजी, पोटाखाली चार काड्या खुपसल्या की उभा राहतो. किती सोपं आहे!” मी म्हटलं, “सोपं आहे ते आम्हालाही कळतं. खाली बस आणि ऐक.” तुम्हीही बसा.

समोर कोरडं दिसतंय ते ठकूबाईचं तळं. ठकूबाईच्या काळी त्याला नाव नव्हतं. सालामागून साल पावसानं दगा दिला, तळ्याच्या तळाला भेगा पडल्या आणि गावातले बैल एकेक करून खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत, असं सांगतात. लोक गाव सोडून जगायला बाहेर पडले. ठकूबाईला निघता येईना. नवरा विहिरीची दरड कोसळून आधीच गेलेला, आणि एकुलता केरू तापानं फणफणत होता. त्याला उन्हात नेला असता तर वाटेतच गेला असता. तिच्यासाठी म्हणून धाकटा दीर चिमाजी तेवढा मागं राहिला.

बेंदराच्या सकाळी घरात एक तांब्याभर पाणी उरलं होतं. चिमाजीनं कावड खांद्यावर घेतली. नदीच्या पात्रात दूर कुठं झरा लागलाय, असं त्याच्या कानावर आलं होतं.

“वैनी, दिवस मावळायच्या आत येतो. तवर हे पोराला घोट घोट द्या.”

“याल ना नक्की?”

“न येऊन जातो कुठं? नदी काय मला एकट्याला प्यायचीय?”

असं म्हणून तो गेला. ऊन चढलं तशी केरूला जाग आली.

“आये, आज बेंदूर हाय ना?”

“हाय.”

“मग आपला बैल?”

“बैल गेलं की रं सोन्या.”

“मग मातीचा कर.”

“मातीला पाणी लागतं.”

“तांब्यात हाय की.”

“ते तुला प्यायला हाय.”

“चिमाकाका आणतोय की कावडभर!”

आता आमच्या भागातली एक समजूत सांगते. बेंदराला ज्या घरात बैलाची पूजा होत नाही, त्या घरचं दावं कायमचं मोकळं राहतं, त्याला पुन्हा बैल लागत नाही, असं जुनी माणसं मानत. ठकूबाईच्या मनात ते होतंच, त्यात पोराचं रडणं. तिनं थोडं पाणी पोराला पाजलं आणि उरलेलं मातीत ओतलं. तिला वेडी म्हणणारे आमच्या गावातही आहेत. मी त्यांना तोंडावर विचारते, त्या घरात दिराच्या शब्दाखेरीज भरवशाचं दुसरं काय उरलं होतं? तुम्ही कशावर भरवसा ठेवला असता?

माती तळ्यातलीच. मायलेकांनी ती मळली. पण पाणी कमी पडलं. बैल उभा केला की पाय तडकत, पुन्हा जोडले की पुन्हा तडकत. ज्वारीचे दाणे डोळ्यांना लावायचे, तर घरात दाणा नव्हता. अंगणातल्या बाभळीनं बिया दिल्या, काटे दिले. शेवटी केरूनंच बैलाचे पाय दुमडले.

“दमलाय त्यो. बसू दे. पाणी आलं की उठंल.”

“तुझ्यासारखाच आळशी दिसतोय,” ठकूबाई म्हणाली. केरू हसला आणि त्यानं बैलाच्या पाठीवर अंगठा दाबला. “ह्यो माझा हाय. कुणाला द्यायचा न्हाई.”

दिवस मावळला. चिमाजी आला नाही. ठकूबाईनं पदराचं टोक तांब्याच्या आतून फिरवलं आणि ते पोराच्या ओठांना लावलं. उजाडायच्या आत केरू गेला.

चिमाजीचं काय झालं? कुणी म्हणतं, झऱ्यावर गावोगावची माणसं तुटून पडली, त्या मारामारीत तो मेला. कुणी म्हणतं, पाणी बघून त्याची मती फिरली आणि तो तसाच पुढं निघून गेला. खरं कुणालाच ठाऊक नाही, आणि कळलं असतं तरी काय होणार होतं?

ठकूबाई पोराचा बैल घेऊन कोरड्या तळ्याच्या मधोमध जाऊन बसली. मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं तिला पाहिलं, तिनं त्याला सांगितलं ते त्याच्याच तोंडून पुढं आलं म्हणे. त्यानं पुष्कळ समजावलं. पण उठायचं म्हटलं की ती एकच बोले, “माझ्या लेकाचा बैल उठला की मी उठीन.”

“अगं पोरी, मातीचा बैल कधी उठतो का?”

“मग मी तरी कशाला उठू, बाबा?”

धनगर मेंढरं हाकत निघून गेला.

पाऊस आला. तो कुणाच्या दुःखानं आला नाही, त्याला यायचं होतं तेव्हा आला. तळं काठोकाठ भरलं. ठकूबाईला उठताना कुणी पाहिलं नाही. गेलेल्यांपैकी जे वाचले ते परतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा त्यांना तळाशी तो बैल सापडला. कच्च्या मातीचा, न भाजलेला, तरी कान-वशिंड शाबूत, पाठीवर अंगठ्याची रेघन्‌रेघ जशीच्या तशी. ठकूबाईचं मात्र काहीच सापडलं नाही, हातातली बांगडीसुद्धा नाही. लोकांनी हात जोडले, चमत्कार म्हणाले. मला त्या चमत्काराची चीड येते. एवढ्या पाण्यानं मातीचं खेळणं राखलं, आणि पोराला घोट मिळाला नाही. असला चमत्कार कुणाच्या कामाचा?

त्या बेंदराला परतलेल्या बायांनी आपापल्या पोरांना माती दिली आणि एकीनंही उभा बैल करू दिला नाही.

आजही बेंदराला आमच्याकडं टँकरच येतो. माती भिजवण्याआधी पोराला तांब्याभर पाणी पाजतात. ते पोटभर प्यायल्यावरच मातीला हात लावू देतात. दिवस कलला की पोरं आपापला बैल तळ्याच्या बांधावर नेऊन ठेवतात आणि तो उठायची वाट बघत बसतात. आया लांब उभ्या राहतात, पण तो उठणार नाही असं कुणी सांगत नाही. अंधार पडला की पोरं हिरमुसून घरी येतात, बैल बांधावर राहतो आणि पुढं पावसात विरघळतो. असं दरसाल चालतं. मग वाट बघायचं वय सरलं की एका बेंदराला पोर बैल करतं, अंगठा दाबतं, आईच्या हातात देतं आणि खेळायला निघून जातं. बांधाकडं बघतही नाही. तेवढा एक बैल आई देव्हाऱ्याशेजारी ठेवते.