निंबरगावच्या जावयाची करकरती वहाण

निंबरगावात लग्न ठरलं की नवरदेवाची वहाण बाजारातून येत नाही, तुरुंगातून येते. टेकडीखाली काळ्या दगडाचा तुरुंग आहे. त्याच्या फाटकालगतच्या विक्रीच्या खोलीत नवरदेवानं स्वतः जाऊन पायाचं माप द्यायचं, ही रीत. पाहुण्यांनी नाक मुरडलं, की गावातले म्हातारे रंगूतात्या त्यांना खाली बसवतात आणि तुळाजीची गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात एकाचं डोकं फोडून तुळाजी इथं आला, म्हणे. खाणीत दगड फोडून त्याचे तळहात सोलले. मग तुरुंगात चामड्याचं काम सुरू झालं आणि तुळाजी त्यात रमला. जेलरची अट एकच होती. कैद्याच्या पायात वाजणारी वहाण हवी, म्हणजे पळणारा पहारेकऱ्याला ऐकू येईल. त्यासाठी तळाच्या दोन थरांत सुक्या बिया भरायच्या. तुळाजीला दुसऱ्या तऱ्हेची वहाण शिवताच येत नव्हती.

एकदा जेलरनं बजावलं, "बिरोबाच्या जत्रेत माल खपला नाही, तर हे काम बंद. पुन्हा खाण."

शिपायाच्या पहाऱ्यात तुळाजीनं जत्रेत जोड मांडले. दुपार कलली तरी कुणी हात लावेना. पाटलांचा बाजीबा ओरडला, "चोरांच्या हातची वहाण! घातली की पाय चोरीकडंच वळायचे!"

तुळाजीनं आयुष्यात कुणाची काडी चोरली नव्हती. न्यायाधीशानं शिक्षा एकदाच दिली होती, गाव ती रोज देत होतं. त्याच्या डोळ्यांपुढं खाण उभी राहिली आणि भीडच चेपली.

"मग घाला की, पाटील! आन् दावा चोरी करून!"

बाजीबा इरेला पेटला. वहाणा चढवून दबकत दबकत पेढेवाल्याच्या मागं गेला. कर्र... कर्र... कर्र...

पेढेवाल्यानं मान न वळवताच म्हटलं, "ठेव त्यो पेढा खाली, बाजीबा."

जत्रा पोट धरून हसली. तेवढ्यात चंद्राक्का गर्दीतून पुढं आली. तिच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं, आणि होणारा जावई गुपचूप पत्त्यांच्या अड्ड्यावर सटकतो, असं तिच्या कानावर आलं होतं.

"ह्योच जोड दे माझ्या जावयाला. आन् बिया वाईच जास्ती भर!"

"मावशी, उंबरा वलांडला की वेशीपातूर ऐकू यील!"

मग काय, लेकी उजवायच्या असलेल्या साऱ्या आया तुटून पडल्या. सांजेला तुळाजीपुढं रिकामं फडकं उरलं. खाणीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, असं सांगतात.

आजही निंबरगावचा जावई चोरपावलांनी कुठं जाऊ शकत नाही. आणि आजही कुणाची सुटका ठरली की बाकीचे कैदी मिळून त्याच्यासाठी एक जोड शिवतात, त्यात मात्र एकही बी घालत नाहीत. तसला पहिला जोड तुळाजीला मिळाला. तो घालून तो फाटकाबाहेर पडला, थोडं चालला, थबकला, कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही. तेव्हा भर रस्त्यात तो असा खदखदून हसला, म्हणे, की आतल्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं.