बामीनं बुजवलेली खांड

फार वर्षांपूर्वी, खाडीचं पाणी आजच्याहून उंच चढायचं तेव्हा, या गावात बामी नावाची विधवा राहायची. तिला जोमा हा एकुलता एक मुलगा. एका उधाणात शेतं राखणारा मातीचा बांध फुटला. अशा फुटलेल्या जागेला इकडं खांड म्हणतात. ती बुजवायला जोमा सगळ्यांच्या आधी उतरला आणि पाणी त्याला घेऊन गेलं.

गावाची रीत अशी, की खांडीनं माणूस नेलं तर ते सापडेपर्यंत ती बुजवायची नाही. नाहीतर मेलेल्याला घरी यायला वाट राहत नाही. जोमा सापडला नाही. भरतीमागून भरती खारं पाणी शेतात शिरत राहिलं. भात जळालं, विहीर खारट झाली, लोक बिऱ्हाडं हलवू लागले. पण बामीसमोर खांडीचं नाव काढायची कुणाची छाती होईना.

शेवटी बामीच पाटी घेऊन निघाली. ओहोटीला ती चिखल थापायची, भरती तो धुऊन न्यायची. ती रडायची आणि पुन्हा थापायची. गाव बांधावर उभं राहून बघायचं. बघायला काय लागतं? पाटील अडवायला गेला, तर ती म्हणाली, "माज्या पोराची वाट हाय. मीच बुजवीन."

एकट्या बाईच्या हातून एवढी खांड भरली हे खरं वाटत नाही, पण भरली, असं म्हणतात. शेवटचा गोळा उरला तेव्हा ती थांबली. खाडीकडं तोंड करून तिनं हाक दिली, "जोमा, येवाचा असंल तर आता ये, बाला. मंग वाट नाय."

ती भरती खांडीपाशी आली आणि तिथंच उभी राहिली. एक थेंब आत आला नाही, असं म्हणतात. पाणी माघारी फिरेपर्यंत बामीनं वाट पाहिली. मग गोळा लावला. पुढं ती फार जगली नाही.

दुसरीकडं ज्याला नेट म्हणतात, चिकाटी म्हणतात, त्याला इथं बामी म्हणतात. बाळंतीण कळांनी हरली, की सुईण तिच्या कानाशी म्हणते, "बामी धर." हट्टी माणसाला मात्र हा शब्द कुणी लावत नाही. बामीनं स्वतःच्या मनासारखं कुठं केलं होतं?

अजूनही पावसाआधी बांध लिंपताना एका गोळ्याची जागा मोकळी ठेवतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तिथून जोमाला हाक मारते. ती भरती ओसरेपर्यंत गावात कुणी दार लावत नाही.