ओरडल्यावर वाढणारं पिल्लू

एक होता राजा. त्याचा आवाज एवढा मोठा, की तो ओरडला म्हणजे तबेल्यातली घोडी कान पाडायची. त्याच्या मुलीचं नाव रेवती. तिनं एकदा काय केलं, रानाच्या कडेला एकटं कुंईकुंई करणारं कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. ओंजळीत मावेल एवढं. नाव ठेवलं गोंडू.

पण ते पिल्लू साधं नव्हतं, बरं का.

आल्या आल्या त्यानं राजाचा जरीचा जोडा कुरतडला. राजा ओरडला. पिल्लू घाबरलं, आणि घाबरून फुगलं. बोक्याएवढं झालं. मग त्यानं दरबारातल्या गालिच्यावर शू केली. हसताय काय, पुढं ऐका. राजा पुन्हा ओरडला. पिल्लू वासराएवढं झालं. मग ते आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारायला लागलं. प्रधानजी तर हौदात पडले. राजा असा ओरडला, की पिल्लू थेट हत्तीएवढं झालं.

राजा म्हणाला, "पौर्णिमेला पाहुणे जेवायला यायचेत. तोवर हे वळणावर आलं तर ठीक. नाहीतर रानात सोडणार."

रेवती म्हणाली, "आणते वळणावर. पण राजवाड्यात कुणी ओरडायचं नाही. बाबा, तुम्हीसुद्धा."

राणी म्हणाली, "अगं, कुत्र्याचं जमेल. यांचं कसं जमायचं?"

मग रेवती कामाला लागली. गोंडूनं जोडा धरला, की ती तो हळूच काढून घ्यायची आणि चिंध्यांची गाठ चावायला द्यायची. तो जेवला, झोपून उठला, की लगेच अंगणात न्यायची. तिथं शू केली, की भाकरीचा तुकडा. उडी मारली, की पाठ फिरवून गप्प उभी. चारी पाय जमिनीवर टेकले, की गळ्याखाली खाजवायची. रोज तेच. गोंडू शिकायचा आणि विसरायचा. रेवतीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पुसून ती पुन्हा अंगणात. मग हळूहळू गोंडूची भीती उतरली, तसा तो लहान होत गेला. बैलाएवढा झाला, मग वासराएवढा.

पौर्णिमा आली. पंगत बसली. एवढी माणसं पाहून गोंडूला राहवेना. त्यानं राजावरच झेप घेतली. खिरीची वाटी राजाच्या मांडीवर सांडली.

राजानं तोंड उघडलं. आता ओरडला, की गोंडू वाढणार, आणि उद्या रान.

राजा लालबुंद झाला. मग त्यानं तोंड मिटलं. उठला, आणि पाठ फिरवून उभा राहिला. गोंडूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि बसला की शहाण्यासारखा खाली. राजानं वळून त्याच्या गळ्याखाली खाजवलं. खाजवता खाजवता गोंडू चांगला मांडीवर मावेल एवढा झाला.

राजा अगदी हळू आवाजात म्हणाला, "रेवा, याला खीर चालते का गं?"

"नाही बाबा. भाकरी द्या."

राजानं दिली. गोंडू राजवाड्यातच राहिला, आणि मोठा झाला तो आपला कुत्र्याएवढाच. सगळी सुखात नांदली. चला, पांघरुणं ओढा. गोंडूसुद्धा झोपला असेल आता.