मथीचा गुडघाभर हौद

खाडीकाठच्या एका गावात मथी नावाची एक मिठागरीण होती. अख्खं गाव मिठावर जगत होतं. पण मिठाला आता कुणी विचारत नव्हतं, आणि हा हंगाम संपला की मिठागरं बुजवायची, असं मालकाने ठरवलं होतं.

तेवढ्यात एका कारखान्याची रसायनतज्ज्ञ नंदिनी तिथे आली. मीठ ओढून झालं की वाफ्यात कडू पाणी उरतं. गाव ते दरवर्षी ओहोटीला खाडीत सोडून देई. नंदिनीने तेच ओंजळीत घेतलं.

"यात ब्रोमीन आहे. समुद्रात ते सगळीकडे असतं, पण फार विखुरलेलं. तुम्ही पाणी आटवता, मीठ तळाशी बसतं, आणि ब्रोमीन या कडू पाण्यात गोळा होतं. त्यापासून औषधं होतात, आग रोखणारी रसायनं होतात. हे पाणी हौदात साठवा, दीड महिना आटू द्या. कसदार निघालं तर कारखाना इथेच उभा राहील. मिठागरंही राहतील."

प्रत्येकाने आपापला हौद कडू पाण्याने काठोकाठ भरला. मग चैत्राचं ऊन तापलं आणि पाणी रोज खाली जाऊ लागलं. गाव रोज हौदात डोकावून पाहू लागलं.

मथीचा दीर हिराजी म्हणाला, "वयनी, बाईंना अर्धा हौद दाखवायचा? लाज जाईल गावाची. भरतीचं पाणी घेऊ आत."

"भावजी, तिनं आटवायला सांगितलंय."

"आटवून आटवून चिखल दाखवशील!"

भरती आली. सगळ्यांनी बांध फोडून हौद भरून घेतले. मथीचा तेवढा गुडघाभर राहिला. बायका हसल्या, "गो मथे, तुझ्या हौदात बेडूकसुद्धा पोहायचा नाय!"

एका सकाळी मथीचाही धीर सुटला. खाडीच्या पाण्याची घागर घेऊन ती हौदाच्या काठावर उभी राहिली. आपल्या एका हट्टापायी गावाचं मिठागर गेलं तर? तिने हौदात बोटं बुडवून चोळली. पाणी तेलासारखं बुळबुळीत, दाट लागलं. एवढ्या उन्हाने कमावलेलं आपण एका घागरीत घालवायचं? तिने घागर बांधापलीकडे रिकामी केली.

ठरल्या दिवशी नंदिनी आली. प्रत्येक हौदातलं पाणी तिने बाटलीत घेतलं आणि वर क्लोरीनच्या पाण्याचे थेंब सोडले. क्लोरीन लपलेल्या ब्रोमीनला बाहेर काढतं, ते रंगाने दिसतं. हिराजीची बाटली फिकट पिवळी झाली. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. मथीची बाटली मात्र बघता बघता केशरी झाली, मग तांबडीलाल! उग्र वासाने बायकांनी नाकाला पदर लावले, पुरुषांनी हात, आणि त्याआडूनच सगळे ओरडले, "निघालं! निघालं!"

हिराजीने मान खाली घातली. "आता आमच्या पाण्याचं काय, बाई?"

"ऊन अजून आहे की. आटू द्या."

मथीने प्रत्येकाला बोटं चोळून दाट पाणी ओळखायला शिकवलं. वैशाख सरता सरता गावातली एकूण एक बाटली लाल झाली. कारखान्याचा पहिला खांब मिठागराच्या बांधालगत उभा राहिला, आणि नारळ फोडायचा मान हिराजीने स्वतः पुढे होऊन आपल्या वहिनीला दिला.

तात्पर्य: लोकांना भरलेलं दिसावं म्हणून आपल्या कसात पाणी घालू नये; कमी दिसण्याची लाज जो सोसतो, त्याचा खरा रंग परीक्षेच्या दिवशी उजळतो.