सावरखोऱ्याच्या ओट्यावरची कॉफी

हा छातीइतका उंच दगडी ओटा दिसतो ना, त्यावर आधी तुमच्या पिशव्या ठेवा. खाली नको, ओट्यावरच. मोबाईलही ठेवा. इथे उजव्या हातात पळसाच्या पानावर गुळाच्या खव्याचा गोळा मिळतो आणि डाव्या हातात कॉफीची वाटी. तिसरा हात असेल तर त्यात मोबाईल धरायला माझी हरकत नाही.

खवा जिभेवर ठेवायचा आणि तो विरघळायला लागला की वरून घोट घ्यायचा. कॉफीत दूध नाही, साखर नाही. मागूही नका, रोज कोणीतरी मागतं आणि रोज मी नाही म्हणतो. बी इथलंच, या उतारावरच्या झाडांचं. लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत भाजायचं, उखळात कुटायचं, पाण्यात उकळून फडक्यातून गाळायचं. खव्यात वरून दिसते ती जंगलातली चारोळी.

ही रीत कुठून आली, असं तुम्ही आता विचाराल. सगळेच विचारतात. सांगून सांगून माझा घसा बसला आहे, पण ओट्यावर आलेल्याला ही गोष्ट सांगायची, अशीही रीतच आहे. तेव्हा ऐका. यातलं खरं किती आणि खोटं किती ते मात्र मला विचारू नका. माझ्या आजीने सांगितलं तसं सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा मेळघाटातल्या या घाटाला रस्ता नव्हता, पाऊलवाट होती. वर एका गोऱ्या साहेबाचा कॉफीचा मळा होता आणि मळ्याच्या मधोमध त्याचा बंगला. बंगल्याला लागणारं सगळं सामान खालच्या बाजारातून माणसांच्या डोक्यावरून वर यायचं आणि कॉफीची पोती डोक्यावरूनच खाली जायची. आमच्या सावरखोऱ्यातली धडधाकट माणसं याच कामाला होती. साहेबाच्या मुकादमाचा एक नियम होता, ओझं वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. तो बंगल्याच्या फाटकाशी उभा राहून प्रत्येक पेटीचं, प्रत्येक पोत्याचं बूड बघायचा. बुडाला माती दिसली की त्या माणसाला उद्यापासून काम नाही.

उकंडा नावाचा एक ओझेवाला होता. त्याची बायको पुंजाबाई. त्यांचं घर इथेच, घाटमाथ्यावर. पुंजाबाई म्हशी राखायची आणि खवा करायची. एका उन्हाळ्यात उकंडा साहेबाचा मोठा आरसा पेटीतून घेऊन चढत होता. माथ्यावर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. पुंजाबाई पाण्याचा लोटा घेऊन धावली. त्याचे दोन्ही हात पेटीला, म्हणून तिने लोटा त्याच्या ओठांना लावला.

“खाली ठिव न थे,” ती म्हणाली.

“माती लागन,” उकंडा म्हणाला, आणि दोन पावलं चालून पडला तो उठलाच नाही.

आरसा मात्र फुटला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या डोक्यावरून तो बंगल्यावर पोचला. हे सांगताना मला अजूनही राग येतो. माझं ना त्या आरशाशी काही देणंघेणं, ना त्या साहेबाशी, तरी येतो.

दहाव्या दिवशी उकंडा पडला त्याच जागी पिंड ठेवला. मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर ते कोणीतरी बोलून दाखवल्याशिवाय पिंडाला कावळा शिवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कावळे होते, या सावरीच्या झाडावर चांगले पाच-सात होते. पण एकही खाली उतरेना. पुंजाबाई म्हणाली, म्हशी सांभाळीन. कावळा हलला नाही. म्हणाली, तुझ्या आईला शेवटपर्यंत पोशीन. नाही. त्याला गुळाचा खवा फार आवडायचा, म्हणून पिंडाशेजारी पळसाच्या पानावर खव्याचा गोळा ठेवला. कावळ्यांनी तिकडेही पाठ फिरवली. दुपार कलली. लोक उपाशी, उन्हाने कावलेले, पण उठायचं कसं?

तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाला वाटलं, की उकंडाचा जीव साहेबाच्या ओझ्यात अडकला आहे, तर साहेबाच्या देवाला मनवावं लागेल. आता साहेबाचा देव यांना कसा ठाऊक? तर रोज सकाळी बंगल्यातून एक वास यायचा, जळका आणि तरी गोड. पिढीभर कॉफीची पोती वाहूनही यांतल्या कोणी बंगल्याच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. लाल फळाचा गर गोड लागतो, तो चोखायचा आणि बी थुंकून टाकायचं, एवढंच यांना माहीत. हे बी प्यायचं असतं, हे यांच्या स्वप्नातही नव्हतं. साहेब सकाळी देवापुढे या बियांचा धूप जाळतो, असं सगळ्यांनी पक्कं धरलं होतं. चार दाण्यांच्या धुपासाठी एवढा डोंगर झाडांनी भरून टाकणारा साहेब केवढा देवभक्त, असं आपसात बोलायचेही.

मग उदमांजराने फळं खाऊन विष्ठेतून टाकलेलं बी झाडांखालून वेचून आणलं, धुतलं आणि गोवरीच्या निखाऱ्यावर टाकलं. तोंड वाकडं करू नका, तुमच्या वाटीतलं बी झाडावरून तोडलेलं आहे. धूर झाला, वास पसरला. एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच बसून राहिला.

पुंजाबाई दहा दिवसांची थकलेली होती. ती उठली आणि उकंडा पडला तिथे जाऊन उभी राहिली.

“म्हशीचं बोलली, बुढीचं बोलली. आता काय रायलं तुह्यं?” ती रिकाम्या हवेला म्हणाली. “दे इकडं. म्या उतरवतो.”

तिने टाचा उंचावल्या, दोन्ही हात वर नेले आणि काहीतरी धरून हळूहळू खाली आणलं. हातात काही नव्हतं, पण तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या सगळ्यांनी पाहिल्या, असं सांगतात. तिने ते जमिनीवर ठेवलं.

“ठिवलं, पाह्य. माती लागली त लागू दे.”

आणि कावळा शिवला.

तिथेच, पिंडासमोर, पुंजाबाईने शब्द दिला. या माथ्यावरून यापुढे कोणी डोक्यावर ओझं घेऊन तसंच पुढे जाणार नाही, मी स्वतः उतरवीन. आणि जोवर घाटात एकही माणूस मागे आहे, तोवर मी बसणार नाही. माणसाने दुःखात शब्द देऊ नये, असं आजी म्हणायची. दुःखात दिलेला शब्द फार लांबरुंद असतो.

मग पुंजाबाईने आणि गावातल्या बायकांनी मिळून हा ओटा रचला. छातीइतका उंच मुद्दाम केला. ओझेवाल्याने शेजारी येऊन मान कलती केली की ओझं सरळ दगडावर सरकतं. जमीन नाही, त्यामुळे माती नाही. आणि परत उचलताना दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही.

मुकादमाला कळलं तेव्हा त्याने ओटा पाडला नाही. तो म्हणाला, दगड असू द्या, दगडाला काही मी कामावर ठेवलेलं नाही. पण जो तिथे थांबेल त्याला मी ओळखून असेन.

झालं. कोणी थांबेना. पुंजाबाई हात पुढे करून ओट्याशी उभी राहायची आणि शेजारपाजारची, रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं मान खाली घालून तिच्यासमोरून निघून जायची. त्यांचंही काय चुकलं? घरी चूल होती. पण इकडे शब्द मोडत होता. पुंजाबाईची मान दुखायला लागली. डोक्यावर काही नसताना दुखायची आणि दिवसागणिक जास्त दुखायची. नवऱ्याचं ओझं आपण उतरवलं खरं, पण ते गेलं नाही, शब्द पुरा झाला नाही तर परत त्याच्या डोक्यावर जाऊन बसेल, असं तिच्या मनाने घेतलं. रोज सकाळी ती ओट्यावर साहेबाच्या देवाला त्या बियांचा धूप घालायची, की बाबा, एकाला तरी थांबव.

पावसाळ्यात ओट्यावर निखारा टिकेना, म्हणून तिने धुपाचं खापर घरात चुलीशी नेलं. एका बाजूला खव्याची कढई, दुसऱ्या बाजूला उकळतं पाणी. म्हैस ओरडली म्हणून ती घाईने उठली आणि पदर लागून खापर कलंडलं. जळलेलं बी पाण्यात पडलं. पाणी काळं झालं. देवाचा धूप फेकायचा कसा, म्हणून तिने ते पाणी गाळून वाटीत घेतलं आणि तीर्थासारखं प्यायली. कडू जहर. तोंडाची चव जावी म्हणून तिने कढईतला खवा चिमूटभर जिभेवर टाकला आणि दुसरा घोट घेतला. आणि उकंडा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या पायांत जरा जीव आला.

त्या दिवशी सुदाम नावाचा ओझेवाला सगळ्यांच्या मागे पडला होता. घरातून येणारा वास त्याच्या नाकात गेला आणि पाय आपोआप अडखळले. पुंजाबाई बाहेर आली ती एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात खवा घेऊन.

“हात मोकळे असतीन त भेटन,” ती म्हणाली.

सुदामने इकडे तिकडे पाहिलं, मान कलती केली आणि धान्याचं पोतं ओट्यावर सरकवलं. खवा खाल्ला, काळं पाणी प्यायला, ओझं उचललं आणि असा चालला, की पुढे गेलेल्या तिघांच्या आधी बंगल्यावर हजर. पोत्याच्या बुडाला माती नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं लवकर पोचले.

मुकादमाला वाटलं, यांनी चोरवाट शोधली. ती पकडायला तो स्वतः खालून सुदामच्या मागे घाट चढला. आयुष्यात पहिल्यांदा पायी चढला असेल. माथ्यावर येईपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला होता. पुंजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. एका हातात छत्री, एका हातात काठी.

“थेबी ठिवा,” ती म्हणाली.

मुकादमाने छत्री ठेवली, काठी ठेवली. खवा खाल्ला, वाटी संपवली. चोरवाट सापडली नाही, एवढंच त्याने वर जाऊन साहेबाला सांगितलं म्हणे, आणि त्या दिवसापासून बुडं बघणं बंद झालं.

तर असा शब्दाचा पहिला भाग पुरा झाला. लोक गोष्ट इथेच संपवतात आणि खवा बांधून मागतात. पण दुसरा भाग राहिलाच होता.

घाटात एकही माणूस मागे असेल तोवर बसणार नाही, असं ती म्हणाली होती. पुढे मळा वाढला, वाट वाहती झाली. ओझेवाले गेले की बाजारकरू, ते गेले की लाकूडफाट्याच्या बायका. दिवेलागण झाली तरी पुंजाबाई ओट्याशी उभी, कान घाटाकडे. एखादा राहिला असेल. तीस वर्षं तिला कोणी बसलेलं पाहिलं नाही, असं सांगतात. खवा उभ्याने ढवळायची, भाकरी उभ्याने खायची, पाठ टेकायची तीही ओट्याला टेकून. शेकडो माणसांनी तिच्या हातची कॉफी प्यायली. कडू आहे म्हणाले, गोड आहे म्हणाले, देव तुझं भलं करो म्हणाले. माणसं वाईट नव्हती. दमलेल्या माणसाला समोरचा दमलेला दिसत नाही, एवढंच.

एका संध्याकाळी गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावणारी एक बाई घाट चढून आली. गावोगाव फिरणारी, डोक्यावर छिन्नी-हातोड्यांची पाटी. पुंजाबाईने पाटी उतरवून घेतली, खवा दिला, वाटी दिली. ती बाई जमिनीवर पाय पसरून बसली, निवांत प्यायली आणि म्हणाली, “तू कवा बसतं वं?”

“घाटात मांगं कोनी असलं त कसं बसू?”

“माह्यामांगं कोनी नाई. म्या पाह्यत आली. आजची शेवटची मीच.”

एवढं साधं वाक्य, पण तीस वर्षांत ते पुंजाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगू शकला असता असा माणूस रोज एक तरी येत होता. ओटा सोडून उतरणीला लागलेला शेवटचा माणूस. त्याला ते सुचलं नाही.

मग पुंजाबाई बसली. गुडघे एकदम वाकेनात, म्हणून त्या बाईने काखेत हात घालून बसवली. ती बाई चुलीशी गेली, हाताला लागलं ते बी कुटलं, पाणी जास्त घातलं आणि जशी जमली तशी कॉफी करून आणली.

“कशी झाली?” तिने विचारलं.

“बेस झाली,” पुंजाबाई म्हणाली. म्हणे तिला रडू आवरेना. वाटी संपली आणि ती तिथेच झोपली. काही लोक सांगतात, ती त्या झोपेतून उठली नाही. माझी आजी सांगायची, सकाळी उठली आणि म्हशी सोडल्या, मान दुखायची थांबली होती. मी आजीचं खरं मानतो.

आता तो मळा नाही, साहेब नाही. झाडं रानात पसरली आहेत, डांबरी रस्ता झाला आहे आणि ओझी गाडीतून येतात. ओटा आमच्या घराण्याकडे आहे. सकाळी सहाला मी इथे उभा राहतो. आजही या ओट्यावर पहिल्या माणसापासून सगळ्यांना कॉफी आम्हीच देतो, पण दिवसाचा शेवटचा वाटसरू चुलीशी जातो आणि ओटेवाल्याला कॉफी करून देतो. कशीही होवो, बेस झाली म्हणायचं. आणि ती हातात येईपर्यंत ओटेवाल्याने बसायचं नाही. शेवटचा कोण, हे मात्र आम्ही ठरवायचं नसतं, ते आलेल्याने सांगायचं असतं.

मी सकाळपासून उभा आहे. म्हणून विचारतो, तुमच्यामागे घाटात कोणी आहे का?