आप्पांचं माप

“माप बदललं, तर आप्पांचं काय उरलं? सांगा ना महाराज!”

विचारणाऱ्याचा आवाज चढला होता. ऐकणारा चुलीत काटकी सारत होता. त्यानं मान वर केली नाही.

विचारणारा शैलेश मिठारी, कोल्हापूरचा. ऐकणारा भैरवगिरी गोसावी, खिंडीतल्या मठात एकटा राहणारा म्हातारा. ओळख कसली, अजून चहासुद्धा उकळला नव्हता. पण दुखणं घेऊन आलेला माणूस ओळखीसाठी थांबत नाही.

शैलेश अंगणात पाय लांब करून बसला होता. उजव्या टाचेच्या वरची शीर सुजून लाल झाली होती. म्हाताऱ्यानं एकदा त्या शिरेकडे पाहिलं होतं, एकदा सायकलकडे, आणि एवढंच म्हटलं होतं, “पाय पुरत न्हाई, तर ती नळी आत सार की.”

त्यावर हा भडका.

सायकल साधी नव्हती. आडवी होती. आरामखुर्चीला चाकं लावावीत तशी. चालवणारा पाठीवर रेलतो, पाय पुढे पसरतो. पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका नळीच्या टोकाला. ती नळी आतबाहेर सरकते. ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढी ती बाहेर ठेवायची आणि बोल्ट आवळायचे.

शैलेशच्या वडिलांनी, आप्पांनी, ती आपल्या लेथच्या शेडमध्ये स्वतः बनवली होती. नळी आपल्या पायांना बेतून ठेवली होती, आणि तिथे कानशीनं एक रेघ ओढली होती, पुन्हा शोधायला लागू नये म्हणून. आप्पा ताडमाड उंच होते. शैलेश आईवर गेलेला.

“ती रेघ हलवायची नाही,” शैलेश म्हणाला. “शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“आप्पांना. दहाव्याला.”

म्हाताऱ्यानं चहा दोन कपांत ओतला. एक त्याच्यापुढे सरकवला.

“कावळा शिवत नव्हता,” शैलेश म्हणाला. “नदीवर सगळे ताटकळले होते. कुणी म्हणे आईला सांभाळतो म्हण, कुणी म्हणे शेड चालू ठेवतो म्हण. सगळं म्हणून झालं. कावळा झाडावरच. मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, आप्पा, तुमची राहिलेली सहाशेची ब्रेव्हे मी पुरी करीन. तुमच्या सायकलवर. तुमच्याच मापावर...”

“मंग?”

“उतरला. शिवला पिंडाला.”

म्हातारा फुंकर मारून चहा प्यायला.

“कावळ्याला माप कळतं व्हय रं?”

शैलेशनं कप खाली ठेवला. असलं बोलणं कुणालाही लागेल. त्यालाही लागलं.

ब्रेव्हे म्हणजे सायकलवरची लांब पल्ल्याची फेरी; ती शर्यत नसते, हे सांगायला हवं. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. सहाशे किलोमीटर ठरल्या वेळेत पुरे केले तो पोचला, बाकीचे घरी गेले. आज दिवेलागणीच्या आत कोल्हापूर गाठायचं होतं. आप्पांनी याच ब्रेव्हेची तयारी केली होती. थंडीत त्यांचं हृदय बंद पडलं आणि सायकल शेडमध्ये राहिली.

गल्लीत त्या सायकलला खाट म्हणत. आप्पा निघाले की पोरंटोरं ओरडायची, “मिठारींची खाट निघाली!” आप्पा पडल्या पडल्या हात वर करायचे. म्हणायचे, “चौघांना त्रास नको, म्हणून माझा मीच चाललोय.”

गल्ली हसायची. पुढे खरंच चौघे लागले, तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

“ह्यो टावेल कशापायी?” म्हाताऱ्यानं विचारलं. सायकलच्या बैठकीच्या पाठीला टॉवेलची जाड घडी बांधलेली होती.

“पुढे सरकून बसायला. नाहीतर पायडलपर्यंत पाय जात नाही.”

“म्हंजे बसलायस आप्पाच्या जागंवर, आन् टेकलायस टावेलाला.”

“टॉवेल चालतो. माप तेच आहे.”

“अंथरूण बघून पाय पसरावं म्हंत्यात,” म्हातारा म्हणाला. “तू अंथरूण दुसऱ्याचं घेतलंस, आन् आता पाय वढून लांब कराय बघतोस.”

“मी दुखण्याला भीत नाही महाराज. आप्पा गेल्यापासून मी एकदासुद्धा हूं की चूं केलेलं नाही. विचारा कुणालाही.”

ते खरं होतं. स्मशानात तो रडला नव्हता, नदीवर रडला नव्हता. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. लोकांना काय, दोन दिवस यायचं आणि काहीतरी म्हणायचं असतं. कालपासून या शिरेत कळा येत होत्या, तरी त्यानं दात आवळून निम्म्याहून जास्त रस्ता कापला होता. शेवटी घाटानं घात केला. उभ्या सायकलवर माणूस चढाला उभा राहून जोर लावतो. आडव्या सायकलवर ती सोय नाही. पाठ टेकलेलीच राहते आणि सगळं पायांनी सोसायचं.

खाली रस्त्यावरून सायकलींची किरकिर ऐकू आली. बरोबर निघालेले काही जण होते. एकानं वर पाहून हाक मारली, “मिठारी, काय झालं? थांबू का?”

“जा तुम्ही! आलोच!”

ते गेले. शैलेश उठायला लागला. पाय टेकला आणि तोंड पांढरं पडलं. तो परत बसला.

म्हातारा उठला. तो डाव्या पायानं लंगडत होता, हे शैलेशला आत्ता दिसलं. तो आत गेला. समाधीपाशी घंटा एकदा वाजली. बाहेर आला तेव्हा हातात लाकडाच्या खडावा होत्या, हळदकुंकवानं माखलेल्या. वर सकाळचं फूल तसंच होतं.

त्यानं फूल काढून बाजूला ठेवलं. खडावा शैलेशच्या पायांपाशी मांडल्या.

“घाल.”

“काय?”

“पायात घाल. माज्या गुरूच्या हायती.”

शैलेशनं पाय आखडून घेतले. “पादुका कुणी पायात घालतं का? त्या पुजायच्या असतात.”

“मी घातल्या.”

म्हाताऱ्यानं डावा पाय पुढे केला. अंगठा आणि शेजारचं बोट फाकून वेगवेगळ्या दिशांना गेलं होतं. मधली जागा घट्ट्यानं काळी झाली होती. पाहवत नव्हतं.

“गुरूनं देह ठिवला,” म्हातारा म्हणाला. “मला वाटलं, ह्या जमिनीला लागल्या न्हाईत तर त्येंचं चालणं बंद पडंल. म्हून मी घालून हिंडलो. मळ्यात, ओढ्याला, भिक्षेला. गुरूचा पाय केवढा... माजा केवढा...”

“मग?”

“पडलो. त्या पायरीवर. खुबा मोडला.”

“आणि पादुका?”

“त्येंना काय व्हतंय? लाकूड.”

शैलेश पायरीकडे पाहत राहिला. चारचौघींसारखी पायरी होती.

“आता?”

“आता त्या बसून असत्यात. मी चालतो.”

म्हाताऱ्यानं खडावा उचलल्या, पदरानं पुसाव्यात तशा उपरण्यानं पुसल्या, फूल परत वर ठेवलं आणि आत नेऊन ठेवल्या. बाहेर येऊन कप विसळायला बसला. जणू काही झालंच नव्हतं.

शैलेश टाच चोळत बसला.

रस्त्यावरून आणखी एक सायकल गेली. ती एकटीच होती, सावकाश. बहुधा शेवटची. या वेळी कुणी हाक मारली नाही. तिची किरकिर वळणाआड गेली आणि खिंडीत वाऱ्याशिवाय काही उरलं नाही.

मग शैलेश ढुंगणावर सरकत सायकलपाशी गेला. पिशवीतून बोल्टची चावी काढली. ती लावली आणि थांबला.

“महाराज...”

म्हातारा कप विसळत होता.

बोल्ट आप्पांच्या हातचा आवळलेला होता. तो सुटेना. शैलेशनं दोन्ही हात लावले, छातीचा भार दिला. कटकन आवाज झाला. आप्पांनी केलेली एक गोष्ट मोडल्याचा तो आवाज होता, निदान त्याला तरी तसंच वाटलं.

नळी हलली. त्यानं ती हळूहळू आत ढकलली. कानशीची रेघ काठाशी आली, अर्धी झाली, आणि आत गेली.

आता चेन सैल पडून लोंबायला लागली. तिच्या कड्या कमी करायला हव्या होत्या. त्यानं हत्यार काढलं, पिना दाबल्या, चेनचा वीतभर तुकडा तोडला आणि उरलेली जोडली. हात काळे झाले. घामही काळा झाला. तोडलेला तुकडा कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून त्यानं तो खिशात ठेवला.

टॉवेलची गाठ सोडली. घडी उलगडून बाजूला टाकली.

सावल्या अंगण ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. कोल्हापूर अजून लांब होतं. दिवेलागणीच्या आत ते गाठणं आता दोन धड पायांच्या माणसालाही जमलं नसतं. शैलेशला हे मघाशीच कळलं होतं. नळी ढकलताना, किंवा त्याच्याही आधी. त्यानं ते स्वतःला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तो सायकलवर बसला. पाठ टेकली. ती सरळ बैठकीला लागली, मधे काही नव्हतं. एका हातानं ओसरीचा खांब धरला आणि पाय पायडलवर ठेवला.

पाय पुरला.

गुडघा जसा वाकायला हवा तसा वाकला. टाच ओढली गेली नाही. सायकल कधीपासून त्याचीच असावी अशी त्याला बसली. वर आभाळ दिसत होतं. आप्पांना रोज दिसायचं ते हेच.

त्यानं पाय काढून घेतला. खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला.

“झालं तुमच्या मनासारखं?” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “शब्द मोडला. वेळ गेली. आता ही सायकल माझी झाली. कुणाच्याही दुकानातून आणल्यासारखी माझी झाली...”

म्हातारा आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आला, चुलीच्या कडेला ठेवून ती कोमट केली.

“मी आईवर गेलो, महाराज. नाक आईचं, उंची आईची. त्यांचा हात नाही माझ्यात, त्यांचं हसणं नाही. त्यांचं म्हणून एवढं एक माप होतं माझ्याकडे. एवढी एक रेघ.” त्यानं खिशातला चेनचा तुकडा काढून मुठीत धरला. “तीही गेली. आता सांगा... काय उरलं त्यांचं?”

म्हातारा दुखरा खुबा सांभाळत त्याच्यापुढे खाली बसला. त्याचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. शैलेश संकोचून मागे सरला.

“महाराज, पाय नका...”

“गप बस.”

तेल लावलं. खरबरीत अंगठा टाचेवरून वर वर सरकत आला. सुजलेल्या शिरेपाशी थांबला. आणि म्हाताऱ्यानं तिथे, अगदी त्याच जागी, सगळा जोर लावून दाबलं.

“आप्पाऽऽ!”

खिंड दणाणली. ओसरीवरची कबुतरं फडफडत उडाली. माणसाला कळ आली की तो आईला हाक मारतो. याच्या तोंडून हे निघालं. आणि एकदा निघालं ते थांबेना. एवढ्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. त्यानं तोंडावर काळे हात घेतले आणि तो लहान मुलासारखा, खांदे हलवत, मोठ्यानं रडला.

म्हाताऱ्यानं अंगठा सैल केला. पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. अंगणात अंधार उतरत होता. तिकडे कोल्हापुरात दिवे लागले असतील.

रडणं ओसरलं. शैलेशनं डोळे वर केले.

म्हातारा हलक्या हातानं तेल चोळत होता.

“ह्यो आत्ता वरडला न्हवं,” तो म्हणाला... “ह्यो आप्पाचा उरला.”